मुलांच्या गोष्टी आणि चित्रं: नीट करण्याआधी लिहून घ्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सात वर्षांची, दुसरीत, रोज काहीतरी गोष्ट रचते आणि त्याची चित्रं काढते, वहीच्या मागच्या पानावर, कॅलेंडरच्या पाठीवर, मिळेल तिथं. चित्रातल्या माणसाला सात बोटं, फूल घरापेक्षा मोठं. आजी म्हणतात ड्रॉइंगचा क्लास लावा, शाळेतल्या बाई म्हणतात आधी शुद्धलेखनाकडं बघा, आणि तुमच्या मनात आहे की वाढदिवसाला तिच्या गोष्टींचं एक पुस्तक करावं, पण त्याआधी ते सगळं नीट करून घ्यायचं का, कसं घ्यायचं, हे विचारलंय.

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. २४ वर्षं झाली, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली, आणि दरवर्षी वर्गाचं एक हस्तलिखित काढतो, मुलांनी रचलेल्या गोष्टी आणि त्यांचीच चित्रं. खाली जे लिहितोय ते त्यातनंच आलेलं आहे.

नीट करू नका, हे माझं उत्तर. पण "मुलांना मोकळं सोडा, आपोआप फुलतील" असं म्हणून सोडून द्यायचंही मला पटत नाही, कारण आपोआप फारसं काही होत नाही, चौथीपर्यंत निम्मी मुलं गोष्ट सांगायची बंद झालेली मी बघितलीत. इथं मोठ्या माणसाला एक काम आहे. शेजारी बसायचं, ऐकायचं, आणि मूल जे बोलतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं.

या वयात गोष्ट आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच. आपण मोठी माणसं आधी गोष्ट लिहितो मग त्याला साजेसं चित्र काढतो, मुलांचं तसं नसतं, गोष्ट चित्र काढता काढताच घडत असते. तुमची मुलगी चित्र काढत असताना जरा लांबून कान देऊन बघा, ती पुटपुटत असेल, मध्येच आवाज काढत असेल, "आला आला आला, धप्प", आणि त्या धप्पला खडू कागदावर आपटेल. आपल्या हातात शेवटी जो कागद येतो तो म्हणजे खेळ संपल्यावर उरलेलं अंगण. नुसतं अंगण बघून खेळ कसा झाला ते कळत नाही.

हे मला एका पोरानं शिकवलं ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं कृष्णेला महापूर आला, गावंच्या गावं पाण्यात गेली, शाळा कितीतरी दिवस बंद होती. पाणी उतरल्यावर शाळा उघडली तेव्हा वर्गाच्या भिंतीला खिडकीच्या वरपर्यंत गाळाची रेघ होती, पुस्तकं फुगून दगड झालेली. शिकवायचं मन कुणाचंच नव्हतं. मी कुठूनतरी मिळालेले मोठे कागद आणि खडू वाटले आणि म्हटलं, काढा काय काढायचं ते. दुसरीतल्या एका मुलानं अख्खा कागद तपकिरी करून आणला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, इतका दाबून की कागद तेलकट झाला होता. मी म्हणालो, अरे नुसता रंग कसा, काहीतरी काढ की. तो म्हणाला, "काढलंय गुर्जी."

मी कागद उजेडाला धरला तेव्हा दिसलं. खाली पेन्सिलनं घर होतं, गोठा होता, गोठ्यात म्हैस. त्यानं आधी सगळं व्यवस्थित काढलं होतं आणि मग पाणी चढवत नेलं होतं, खालून वर. मी त्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, सांग. त्यानं कागदावर बोट ठेवलं आणि बोट वर वर सरकवत सांगायला लागला. "हितं उंबऱ्याला आलं. मग हितं चुलीला आलं. मग म्हशीच्या पोटाला आलं." मी विचारलं, म्हैस बुडली? "नाय, म्हशीला पवता येतं. पण दावं हुतं." आणि थांबला. जरा वेळानं म्हणाला, "आज्ज्यानं दावं सोडलं. मग ती गेली. मग रस्त्यावर गावली, तिसऱ्या दिशी."

मी हे सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा वाचा. तीनदा वाचायला लावलं. वर्षाच्या शेवटी हस्तलिखित झालं त्यात ते तपकिरी पान आहे, आणि समोरच्या पानावर त्याचे हे शब्द. शब्द नसते तर ते पान कुणीही खराब कागद म्हणून टाकून दिलं असतं, मीसुद्धा जवळजवळ टाकलंच होतं. तेव्हापासून मी मुलाला "काहीतरी काढ की" म्हणत नाही आणि "हे काय आहे?" असंही विचारत नाही. "हे काय आहे" म्हटलं की मुलाला कळतं की आपलं चित्र समोरच्याला ओळखू आलेलं नाही. नुसतं "सांग" म्हणायचं, किंवा "मग इथं काय चाललंय?"

आता सात बोटांचं. मुलं डोळ्याला दिसतं ते काढत नाहीत, त्यांना माहीत असतं ते काढतात. जॉर्ज-आन्री ल्यूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं हे १९२७ सालीच नीट मांडून ठेवलंय, आणि पुढं १९४७ मध्ये व्हिक्टर लोवेनफेल्डनं मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे लिहिले, ते जगभरच्या शिक्षकांना अजून उपयोगी पडतात. दोन ते चार वर्षांपर्यंत गिरगटा. मग गोल डोकं आणि डोक्यालाच फुटलेले पाय, पोट नाहीच, बेडकाच्या पिल्लासारखा माणूस. मग पाच ते सातच्या आसपास कागदाच्या तळाला जमिनीची एक रेघ येते, वर निळ्या आभाळाचा पट्टा, आणि मध्ये सगळं कोरं, कारण आभाळ वर असतं आणि जमीन खाली, मध्ये काय असणार? बसच्या आतले प्रवासी पायांच्या बोटांपर्यंत दिसतात, आईच्या पोटातलं बाळ दिसतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूची झाडं रस्त्यावरनं बाहेर आडवी पडलेली दिसतात. यातलं काहीही चूक नाही. हाताला बोटं भरपूर असतात हे तुमच्या मुलीला पक्कं माहीत आहे, म्हणून ती भरपूर काढते. फूल घरापेक्षा मोठं आहे कारण त्या गोष्टीत फूल महत्त्वाचं आहे. तिला एकदा विचारून बघा की या फुलाचं काय झालं, बहुतेक तिथंच गोष्ट सापडेल.

हे टप्पे आपसूक पुढं सरकतात. खरी काळजी पुढं आहे, नऊ-दहा वर्षांच्या आसपास. तेव्हा मुलाची नजर बदलते, खरंखुरं दिसलं पाहिजे असं त्याचं त्यालाच वाटायला लागतं, हात तेवढा चालत नाही, आणि मग "मला चित्र येत नाही" हे वाक्य येतं. एकदा ते आलं की चित्र जातं आणि बऱ्याचदा चित्राच्या मागं गोष्टही जाते. आज घरात सगळे मिळून बोटं मोजत बसलात तर ते वाक्य दहाव्या वर्षाऐवजी आठव्यालाच येईल.

क्लासबद्दल आजींना काय सांगायचं? आजींचा हेतू चांगलाच आहे, पण सात वर्षाला क्लास नको. बऱ्याच क्लासमध्ये या वयाला फळ्यावरचं चित्र उतरवून घेतात आणि आठवड्याभरात तुमच्या घरी ते प्रसिद्ध निसर्गचित्र येईल, दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, डोंगरातनं येणारी नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि आभाळात चार-पाच टिकमार्क म्हणजे पक्षी. सांगलीपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्या मुलांना हे चित्र येतं आणि त्यातल्या बहुतेकांच्या घराजवळ असे डोंगर नाहीत नि नारळही नाही. पुढं सातवी-आठवीला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ड्रॉइंगच्या परीक्षा द्यायच्या असतील तेव्हा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शिकायला शिक्षक जरूर लावा, त्या वयाला तंत्र हवंच असतं आणि "मला येत नाही"वर तोच एक उपाय आहे.

आणि समजा ते डोंगर-सूर्य घरात आलेलेच असतील तर रागवू नका, ते चित्र काढायला मुलांना सुरक्षित वाटतं. मी काय करतो, त्या झोपडीवर बोट ठेवतो आणि विचारतो, इथं कोण राहतं? आज भाजी काय केलीय? दार बंद का आहे? एका मुलीनं यावर सांगितलं होतं, "दार बंद आहे कारण आई कामावर गेलीय आणि किल्ली नारळाच्या झाडावर ठेवलीय." पुढची पंधरा मिनिटं ती किल्ली उतरवायच्या भानगडीत होती, माकड आलं, शिडी आली, नदीत किल्ली पडली, आणि कागदावर इतकं काही आलं की डोंगर कुठं गेले ते दिसेनात.

आता लिहून घ्यायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो कारण सगळं यावरच आहे. शिकागोमध्ये व्हिव्हियन पॅली नावाच्या बालवाडीच्या शिक्षिका होत्या, त्या मुलांना टेबलाशी बोलवून गोष्ट सांगायला लावायच्या, शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायच्या आणि मग वर्गातली मुलं ती गोष्ट करून दाखवायची. मी पुष्कळ वर्षं असंच काहीसं करतोय. घरी तुम्ही करायचं ते असं. तिच्या उजव्या-डाव्या कुठल्याही बाजूला बसा पण कागद तिला दिसला पाहिजे. ती बोलेल तसं लिहा. ती "मंग" म्हणाली तर "मंग" लिहा, "मग" नको. "आणि मग" वीस वेळा आलं तर वीस वेळा लिहा. ती फार भरभर बोलली तर "थांब, माझा हात मागं राहिला" म्हणा, मुलं आनंदानं थांबतात, आपल्या बोलण्यासाठी मोठ्या माणसाचा हात दुखतोय हे त्यांना फार आवडतं. एका पानात संपवा, तिला थांबायचं असेल तर दोन ओळींतही संपू द्या. मग बोट फिरवत तिला वाचून दाखवा आणि विचारा, असंच ना?

ती आता बदल सांगायला लागेल. "इथं वाघ म्हणू नको, वाघोबा म्हण." "हे आधी नाही, हे नंतर झालं." हेच लेखन शिकणं आहे, ताई. स्वतःचं वाक्य ऐकून ते बदलावंसं वाटणं, याच्यापेक्षा मोठा धडा दुसरीत दुसरा नाही, आणि तो लाल पेननं शिकवता येत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा, तुम्ही गोष्टीत भर घालायची नाही. वाघ हरणाला खाऊन टाकतोय आणि तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून "मग त्यांची मैत्री झाली का?" असं विचारलंत की संपलं, ती तुमच्याकडं बघून हो म्हणणार. आणि तात्पर्य मागू नका. आमच्याकडं शाळेत गोष्ट म्हटली की खाली तात्पर्य लिहायची इतकी सवय आहे की पहिलीतली पोरं सुद्धा स्वतःच्या भुताच्या गोष्टीखाली "म्हणून नेहमी खरे बोलावे" असं जोडून देतात. माझ्या वर्गात मी सरळ सांगून ठेवलंय, तात्पर्य नको, गोष्ट संपली की संपली.

शुद्धलेखनाचं बाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, मीही शिक्षकच आहे आणि चौथीत ऱ्हस्व-दीर्घ येत नसेल तर मलाही काळजी वाटते. पण जागा वेगळ्या ठेवा. शाळेची वही शुद्धलेखनाची, गोष्टीची वही तिची. तिनं स्वतःच्या हातानं "मुलगि जगलात गेलि" लिहिलं असेल तर त्यात बघण्यासारखं काय आहे ते बघा, तिला आवाज ऐकू येतायत, क्रम बरोबर आहे, अनुस्वार राहिलाय आणि वेलांटी उलटी पडलीय, म्हणजे काम व्यवस्थित चाललंय. ते तसंच राहू द्या आणि पुस्तकात शेजारी बारीक अक्षरात तुम्ही वाचकांसाठी शुद्ध लिहा. दोन्ही पानावर असली की एक दिवस ती स्वतःच शेजारचं बघून "अगं आई, इथं टिंब आहे" म्हणेल. आणि बोली खोडू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. त्या पुराच्या गोष्टीत "दावं हुतं"च्या जागी "दोरी बांधलेली होती" लिहिलं असतं तर ती त्या मुलाची राहिली नसती.

लोक हमखास विचारतात म्हणून रंगांबद्दलही सांगतो. मूल काळा रंग फार वापरतं म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे, असले निष्कर्ष चित्रावरून काढू नका. बहुतेक वेळा डब्यात काळा खडूच तेवढा लांब उरलेला असतो, किंवा काळा ठळक उठतो म्हणून आवडतो. मूल खातंपितं, झोपतं, खेळतं कसं ते बघा, तिथं काही बदललेलं दिसलं तर डॉक्टरांशी बोला.

आणखी एक गोष्ट हल्ली फार होतेय. मुलाची गोष्ट मोबाईलमध्ये टाकायची आणि एआयकडून गुळगुळीत चित्र काढून घ्यायचं. मागच्या वर्षी एका पालकांनी कौतुकानं तसं करून आणलं, त्यांच्या लेकीच्या वाघाचं. वाघ देखणा होता, केस न्‌ केस दिसत होता. पोरगी बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. पण ह्यो माझा न्हाई." तिच्या वाघाला तीन पाय होते, कारण चौथा काट्यानं सुजला म्हणून त्यानं पोटाखाली घेतला होता, आणि सगळी गोष्टच त्या पायाची होती. त्यानंतर बरेच दिवस तिनं वाघ काढला नाही. कृपा करून हे करू नका.

सामान फार लागत नाही. खोडरबर लपवून ठेवा, ते हाताशी असलं की निम्मा वेळ खोडण्यात जातो. मेणखडू कडक असतात, लहान हाताला फार दाबावं लागतं, तेलखडू मऊ आणि गडद उठतात. बारीक काढायला काळं बॉलपेन उत्तम. स्केचपेन टोपण न लावता राहतात आणि आठवड्यात वाळतात. कागद पाठकोरे चालतात, उलट चालतातच, कोऱ्या महाग ड्रॉइंगबुकाची मुलांना भीती वाटते.

रोजच्या गोष्टींसाठी एका कागदाचं पुस्तक शिकवा तिला. ए-फोर कागद तीनदा दुमडा, दरवेळी लांब बाजू निम्मी करत, आणि उघडा, आठ चौकोन दिसतील. आता परत एकदाच निम्मा करा, आणि घडीच्या बाजूकडनं मधल्या रेघेवर पुढच्या आडव्या रेघेपर्यंत कात्री मारा, तिथंच थांबायचं. कागद उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं धरून आत ढकला, मधली फट फुलासारखी उघडते आणि पानं एकावर एक बसतात. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत सहा पानं, ना सुई ना गोंद. सहा पानं सात वर्षांच्या गोष्टीला अगदी बरोबर पुरतात, आणि गंमत म्हणजे पान उलटायचं असतं म्हणून मुलं आपोआप गोष्ट अडवून धरायला शिकतात, "दार उघडलं आणि..." मग पुढच्या पानावर.

वाढदिवसाच्या पुस्तकासाठी मात्र मूळ चित्रं कापू-चिकटवू नका. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलनं तारीख आणि वय लिहा. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल कागदाला समांतर धरून फोटो घ्या, किंवा झेरॉक्सच्या दुकानात रंगीत स्कॅन करून मिळतं. चित्राचा कडेचा भाग कापू नका, कोपऱ्यातली ती बारीक मुंगी बहुतेक वेळा गोष्टीत असते. कुठल्या गोष्टी घ्यायच्या ते तिनं ठरवायचं, तुम्हाला आवडलेली एखादी सुटली तरी चालेल. चार ए-फोर कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात, वर कार्डशीटचं कव्हर घाला, घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा. जाड दोरा मधल्या भोकातून बाहेरून आत घ्या, वरच्यातून बाहेर, बाहेरच्या बाहेर मधलं ओलांडून खालच्यातून आत, आणि परत मधल्यातून बाहेर काढून लांब टाक्यावर गाठ मारा. आमची पुरात भिजलेली हस्तलिखितं याच शिवणीची होती, शाई गेली पण पानं सुटली नाहीत.

बाहेर पाठवायचं असेल तर बालभारतीचं "किशोर" मासिक आहे, १९७१ पासूनचं, आणि हिंदी चालत असेल तर भोपाळच्या एकलव्य संस्थेचं "चकमक", १९८५ पासून निघतं आणि त्यात मुलांनी लिहिलेल्या-काढलेल्याला खास जागा असते. पाठवताना प्रत पाठवा, मूळ घरी ठेवा. दिल्लीला व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळे यांनी १९४९ मध्ये मुलांच्या चित्रांची स्पर्धा सुरू केली ती पुढं जगभर पोचली, तशा ठिकाणी मुलांनी जरूर भाग घ्यावा, पण जिथं निम्मी चित्रं आईबाबांच्या हातची दिसतात त्या गल्लीतल्या स्पर्धांना नाही गेलात तरी चालेल. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकायच्या आधी तिला विचारा. काही गोष्टी फक्त आईला सांगितलेल्या असतात.

आपल्याकडं हे नवीन नाही बरं का. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि मग अनुताई वाघांबरोबर कोसबाडला बालवाडी उभी केली, ती समोरच्या मुलांच्या जगण्यातलं सामान वर्गात आणूनच. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथंही मुलांच्या अनुभवाला पहिली जागा. आम्हा शिक्षकांना त्यातनं एवढं कळलं की मुलाला सांगायला काही असतंच, विचारणारा लागतो. बाईंशी भांडू नका, जमलं तर तयार झालेलं पुस्तक त्यांना एक दिवस वाचायला द्या.

आणि पुस्तक शिवताना शेवटी दोन पानं कोरी ठेवा. दरवर्षी हस्तलिखित बांधून झालं की कुणीतरी टेबलाशी येऊन उभं राहतं आणि म्हणतं, गुर्जी, माझ्या गोष्टीत आजून एक हुतं.